तुमच्या एका वाक्यापायी आलेलं कुत्रं

तोकमोक,
मार्चचा पहिला आठवडा (तारीख मुद्दाम घालत नाही, तुम्ही उत्तराला किती दिवस लावता हे मोजत बसायची माझी इच्छा नाही)

परम आदरणीय व्याहीबुवा शार्शेनबेक यांसी,

जोल्दोशचा मनापासून सलाम. आधी जनावरांची खुशाली विचारतो आणि मग माणसांची, कारण आपल्यात तशी रीत आहे आणि मी रीत मोडणारा माणूस नाही (हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, मी थांबतो). मेंढ्या थंडीतून तगल्या ना? तांबडी घोडी व्यायली का? गवत पुरलं का? विहीणबाई शारिपा यांचा खोकला कसा आहे? तुमचा गुडघा घाटापलीकडच्या हवेत अजून कुरकुरतो का? देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो, दारात पाहुणे येवोत, चूल कधी न विझो. झालं. सगळं विचारून झालं. यात काही राहिलं असेल तर ते विसरलो म्हणून नव्हे, रागामुळे राहिलं असं समजावं.

इकडे म्हणाल तर माझी बायको बातमा बरी आहे. तुमचा जावई तिलेक बरा आहे. तुमची मुलगी आयजामाल बरी आहे असं ती म्हणते. तुमचा नातू बायास्तान महिनाभर आधी जगात आला, जेमतेम दोन किलोचा, माझ्या तळहातावर मावेल एवढा. तीन आठवडे इस्पितळात काचेच्या पेटीत होता, आता घरी आहे आणि तीन किलोच्या वर गेला आहे. कोंबड्या बऱ्या आहेत. मी बरा नाही. माझं डोकं फिरलं आहे, आणि ते तुमच्यामुळे फिरलं आहे.

पत्रास कारण की, तुम्ही एक वाक्य बोललात. माझ्याशी नाही, माझ्याशी तुम्ही सहा वर्षांत बोलला नाहीत, ते राहू द्या. मुलीशी बोललात. ती स्वयंपाकघरात फोनचा आवाज मोठा करून कणीक मळत होती, आणि मी तिथंच होतो (माझंच स्वयंपाकघर आहे). चाळिसाव्या दिवसाचा विषय निघाला. आता चाळिसाव्याला काय करतात हे तुमच्यासारख्या जाणत्याला सांगायची गरज नाही, पण सांगतो, कारण तुम्हीच विसरला आहात असं दिसतं: बाळाचं पहिलं झबलं कुत्र्याच्या गळ्यात बांधायचं, झबल्यात खाऊ बांधायचा, कुत्र्याला पळवायचं, गल्लीतल्या पोरांनी मागं धावून खाऊ लुटायचा, पोराची दुखणी कुत्र्याबरोबर जातात आणि कुत्र्याचा चिवटपणा पोराला येतो. एवढंच. यात कुत्रं कुणाचं असावं याबद्दल आपल्या वाडवडिलांनी अवाक्षर काढलेलं नाही. आमच्या गल्लीत अकरा कुत्री आहेत. त्यातलं कुठलंही हे काम दोन हाडांवर आनंदानं करतं. पण तुम्ही म्हणालात, "परक्या कुत्र्याच्या गळ्यात माझ्या नातवाचं झबलं बांधू नका गं. आपल्या दाराचं कुत्रं हवं." आणि फोन ठेवून चहा प्यायला गेलात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच (तुमच्याकडे उंट नाही हे मला ठाऊक आहे, पण शेळ्या आम्हीच होतो).

बरं, घाटापलीकडच्या सगळ्या मुलखात कुत्र्यांबद्दल तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. पिढ्यान् पिढ्या शिकारी कुत्री पाळणारं घर. तुम्ही एक पिल्लू काखोटीला मारून आला असतात तर मामला मिटला असता. पण त्यासाठी आमचा उंबरा ओलांडावा लागतो. पाळण्याचंही तेच. पहिल्या नातवाचा पाळणा आईच्या बापानं आणायचा असतो, तो आल्याशिवाय आमच्या घरात कुणी पोराला दुसऱ्या पाळण्यात घालायला धजणार नाही, आणि तुम्ही तर आमच्या घरी पाय न ठेवण्याची शपथ घेतलेली. म्हणजे तुमच्या शपथेपायी तुमचा नातू इस्पितळातून आल्यापासून पाळण्यावाचून. कधी आईजवळ, कधी गोधड्यांच्या घडीवर, कधी माझ्या पोटावर. आणि शपथ कशाची, तर लग्नात मी तुमच्या कुत्र्याला उद्देशून दोन शब्द बोललो. उपाशी बोकड. दोनच शब्द आहेत, मोजून पाहा. त्या दोन शब्दांसाठी माणूस पुढ्यातलं मांस टाकून उठतो, मानाचा झगा खांद्यावर न घेता निघून जातो, सहा वर्षं मुलीच्या घरी येत नाही, हे मी माझ्या एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

असो. तुमचं वाक्य बातमानं ऐकलं, आणि बातमाच्या कानात शिरलेलं वाक्य पुन्हा बाहेर येत नाही. पोर आधीच अशक्त, त्यात कुत्र्याच्या बाबतीत हयगय केली आणि काही झालं तर? तिलेकनं फोनमध्ये शोधून बिश्केकजवळच्या एका ठिकाणचा पत्ता काढला, जिथं बेवारशी कुत्री सांभाळतात आणि चांगल्या घरी दत्तक देतात. मी म्हटलं, चला, गाडी काढतो, तासाभरात कुत्रं घेऊन येऊ. तर म्हणे असं नाही. आधी त्यांचं माणूस येऊन आपलं घर पाहणार. कुत्र्याला राहण्याजोगं आहे का ते.

व्याहीबुवा, या घरात मी छत्तीस वर्षं राहतोय. भिंतींना हात माझे, छपराला पत्रा माझा. ते माणसाला राहण्याजोगं आहे का, हे पाहायला आजवर कुणी आलं नाही. तुमची मुलगी दिली तेव्हा तुम्हीसुद्धा पाहिलं नव्हतं (पाहायला हवं होतं, तेव्हा मोरीचा पाइप फुटलेला होता). आणि कुत्र्यासाठी लीरा नावाची पोरगी आली, चोविसेक वर्षांची, नाकात चमकी, हातात कागद. तिनं कुंपण पाहिलं, फाटकाखालची फट बोटांनी मोजली, साबणाची बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवली, विजेच्या तारा पाहून माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी गाडी शिकवताना चुकीच्या बाजूनं पुढं जाणाऱ्या शिकाऊ लोकांकडे पाहायचो. मग विचारलं, कुत्रं दिवसातून किती तास एकटं राहील? मी म्हटलं, बाई, लग्न झाल्यापासून मी स्वतः सलग दहा मिनिटं एकटा राहिलेलो नाही, कुत्र्याला ही चैन कुठून मिळणार? तिनं ते कागदावर लिहून घेतलं.

मग सुरू झाली तयारी. फाटकाखाली विटा लावल्या. तारांना नळ्या घातल्या. माझ्या आईच्या हातचे लोकरीच्या नमद्याचे गालिचे, ज्यांच्यावर मी बुटासकट एकदा पाय ठेवला तर तिनं मला पळीनं मारलं होतं, ते गुंडाळून माळ्यावर टाकले, कारण कुत्रं नव्या जागी आलं की गालिच्यावर काय करतं हे लीरानं आम्हाला जेवणाच्या वेळी समजावून सांगितलं. आणि बेदाणे! बेदाणे कुत्र्याला विष असतात म्हणे. तेव्हा मेजावरची बेदाण्यांची वाटी उचला. मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, कुत्रं आहे तोवर. आमच्या घरात बेदाण्यांची वाटी माझ्या आजोबांच्या काळापासून मेजावरून हललेली नाही. माणसं मेली तेव्हाही ती तिथंच होती. दुसऱ्या दिवशी शेजारची उर्कुया आजी चहाला आली, मेजाकडे पाहिलं, अर्धाच कप घेतला आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळलं की जोल्दोशनं नातू झाल्यावर हात आखडला. तिला बोलावून कारण सांगितलं तर ती म्हणाली, "कुत्र्यासाठी? हो का. बरं बरं." हे "बरं बरं" मी मरेपर्यंत विसरणार नाही.

कुत्र्याचं घर मी स्वतः बांधलं. चार बाजूंनी लोकर भरून, उताराचं छप्पर, आणि दाराच्या जागी भंगारातून आणलेलं गाडीचं खरंखुरं दार, काच हँडलनं खाली-वर होणारी, म्हणजे उन्हाळ्यात वारा आणि हिवाळ्यात बंद. पाच दिवस राबलो. लीरा आली, तिनं हँडल फिरवून पाहिलं, कौतुक केलं आणि म्हणाली, पण काका, हा कुत्रा म्हातारा आहे, त्याला थंडीत आत घ्यावं लागेल. आत! बातमा म्हणाली, कुत्रं असलेल्या घरात देवदूत येत नाहीत. लीरा म्हणाली, मग देवदूतांना उन्हाळ्यात बोलवा. शेवटी काचेच्या पडवीवर तडजोड झाली, लीरानं तिथं ठेवायला एक वेताची मऊ टोपली आणून दिली, आणि माझ्या त्या घरात आता पांढरी कोंबडी राहते. काच खाली करून बाहेर बघत बसते आणि अंडी देते.

मग कुत्रं आलं. मी डोळ्यांसमोर काय आणलं होतं? निदान चार पायांवर वाऱ्यासारखं काहीतरी. गाडीतून उतरला तो एक नऊ वर्षांचा पिवळा गठ्ठा, एक कान उभा, दुसरा कधीच उभा न राहणारा, आणि नाव बरोन. म्हणे सरदार. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं असं म्हणतात. याचं शेपूट तेवढं सरळ होतं, बाकी सगळं वाकडं. तो फाटकातून आत आला, अंगणाच्या मधोमध बसला आणि दोन तास तिथंच बसून राहिला. तिलेक म्हणाला, बाबा, एवढंच कुत्रं असं होतं की ज्याला कुणी नेत नव्हतं. मी म्हटलं, लोक मूर्ख नसतात रे.

आणि सगळ्यांत वाईट ते पुढंच. लीराची आज्ञा: पहिले तीन दिवस घरात आवाज चढवायचा नाही, दार आपटायचं नाही, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहायचं नाही. माझ्या घरात! मी एकतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली, माझा आवाज इंजिनाच्या वर ऐकू जायचा म्हणून माझा एकही विद्यार्थी खड्ड्यात गेला नाही (एक गेला, तो बहिरा होता). आणि मी तीन दिवस कुजबुजत भांडलो. सकाळी बातमा चवड्यांवर चालत यायची, कानाशी लागून म्हणायची, अहो, तुम्ही पुन्हा बूट पडवीत ठेवलेत, आणि मी तिच्या कानाशी लागून म्हणायचो, माझे बूट आहेत, कुठं ठेवू, डोक्यावर? आम्ही म्हातारपणी इतके जवळ कधी आलो नव्हतो. तुमच्या मुलीला हसू यायचं. गेल्या कित्येक दिवसांत तेवढंच ती हसली, म्हणून मी चौथ्या दिवशीही कुजबुजलो. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही, वस्तुस्थिती म्हणून लिहितोय.

चाळिसावा दिवस आठवड्यावर आला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या कुत्र्याला पळावं लागणार आहे. तो पळत नव्हता. तो चालतही नव्हता, फक्त जागा बदलायचा. मी शिकवायला घेतलं. एकतीस वर्षांत मी खाटकाला शिकवलंय, दाईला शिकवलंय, आमच्या मशिदीच्या मौलवींना उलटी गाडी लावायला शिकवलंय. म्हटलं, हे काय अवघड. हातात घोड्याच्या मांसाचा तुकडा घेऊन मी अंगणभर पळायचो आणि तो बसल्या जागी मान फिरवून माझ्याकडे पाहायचा, परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबासारखा. तिसऱ्या फेरीत मला धाप लागायची, मी खाली बसायचो, मग तो उठून शांतपणे यायचा आणि माझ्या हातातला तुकडा खायचा. असे सहा दिवस. माझं वजन दोन किलोनं उतरलं, त्याचं वाढलं. एकदाच तो स्वतःहून झपझप चालला: मी गाडीचं दार उघडं ठेवलं होतं, तो थेट पुढच्या सीटवर चढून बसला आणि समोर रस्त्याकडे पाहू लागला.

तुम्ही हुशार आहात, पुढं काय झालं ते तुम्हाला कळलं असेल. मला दुसरा मार्ग सुचला नाही. चाळिसाव्याला घर बायकांनी भरलं, पोराला चाळीस चमचे पाण्यानं न्हाऊ घातलं, पहिलं झबलं उतरवलं, त्यात कणकेच्या तळलेल्या बोर्सोकच्या गोळ्या आणि साखरेचे खडे बांधले (बेदाणे नाहीत, लीराची आज्ञा), ते बरोनच्या गळ्यात बांधलं आणि बरोनला मी गाडीत पुढं बसवलं. काच खाली. त्याचं डोकं बाहेर. गल्लीतली तीसेक पोरं मागं. पहिला गिअर टाकला आणि निघालो. पोरं आरडतायत, बायका फाटकात उभ्या, झबलं वाऱ्यावर. सांगतो व्याहीबुवा, दोनशे पावलं ती मिरवणूक बघण्यासारखी होती. मग कोपरा आला. उजवीकडून गवताची गाडी येत होती. आता मी एकतीस वर्षं लोकांना काय शिकवलं? उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. मी सिग्नल दिला, आरशात पाहिलं, थांबलो. पोरं खिडकीवर तुटून पडली. आणि त्या गर्दीत त्या म्हाताऱ्यानं काय करावं? मान खाली घातली, झबल्यातल्या खाऊची गाठ दातांनी सोडवली आणि सगळ्या गोळ्या स्वतःच खाल्ल्या. शांतपणे, एक एक. पोरांना साखरेचे चार खडे मिळाले. तीन पोरं रडत घरी गेली आणि त्यांच्या आया माझ्या घरीच पाहुण्या होत्या.

उर्कुया आजीनं निकाल दिला. ती चाळीस गावचे निकाल देते. म्हणाली, कुत्रं पळालं नाही, गाडी पळाली. म्हणजे पोरात चिवटपणा यायचा तो गाडीचा. आता दर हिवाळ्यात बंद पडेल आणि ढकलून सुरू करावं लागेल. बायका हसल्या. मीही हसलो असतो. पण तुमची मुलगी हसली नाही. ती सकाळपासून कुत्र्याकडे पाहत नव्हती, गाडीकडे पाहत नव्हती, ती फाटकाकडे पाहत होती. कुणी आलं की उठायची, पुन्हा बसायची. तिनं बायकांना सांगून ठेवलं होतं, माझे वडील चाळिसाव्याला पाळणा घेऊन येतील म्हणून. तिला तुम्ही तसं म्हणाला होतात का, ठाऊक नाही. बहुतेक नसाल. बहुतेक तिनं आपल्या मनानंच म्हटलं असेल.

दुपारी पोर झोपेला आलं. गोधड्यांवर पाहुण्यांचे कोट, खोलीभर बायका. बातमानं त्याला घेऊन पडवीत नेलं आणि जागा दिसली तिथं निजवलं, त्या वेताच्या टोपलीत, जिच्यात बरोन एकदाही झोपला नव्हता. पोर लगेच झोपलं. मी दारात उभा होतो. कुत्र्यासाठी आम्ही फाटकाखालची फट बुजवली, तारा झाकल्या, बेदाणे उचलले, गालिचे उचलले, घर बांधलं, टोपली आणली. आणि माझा नातू कुत्र्याच्या टोपलीत झोपला होता, कारण त्याच्यासाठी या घरात तयारी नव्हती. तेवढ्यात माझ्या मागून उर्कुया आजी म्हणाली, "ज्याच्या आजोळचा पाळणा येत नाही, त्याला कुत्र्याची टोपली." आयजामालनं ते ऐकलं. मी त्या म्हातारीवर असा ओरडलो की अंगणातल्या कोंबड्या छपरावर गेल्या. पंचाऐंशी वर्षांच्या बाईला मी माझ्या घरातून न जेवता जाऊ दिलं. माझी आई असती तर पळी पुरली नसती.

तेव्हा आता माझं म्हणणं ऐका, आणि हे शेवटचं समजा. कुत्रं तुमच्या वाक्यामुळे आलं, तुम्ही येऊन घेऊन जा. तुमच्या शेतावर त्याला बसायला भरपूर जागा आहे. स्वतः यायचं नसेल तर तुमच्या नारीनहून इकडे येणाऱ्या गाडीवाल्याला पाठवा, त्याच्या हाती पाळणाही पाठवा, कारण पाळणा तुमच्याकडे तयार आहे हे मला माहीत आहे. अर्चा वृक्षाच्या सुवासिक लाकडाचा, हातानं कोरलेला, पोर जन्मलं त्याच आठवड्यात पुरा झालेला आणि तेव्हापासून ओसरीवर चादरीखाली पडलेला. विहीणबाईंनी बातमाला फोनवर सांगितलं आणि कुणाला सांगू नका म्हणाल्या, त्यामुळे आता सगळ्यांना माहीत आहे. मी तुम्हाला या म्हणत नाही. या म्हणण्याची माझी इच्छा नाही. ज्याला आपल्या मुलीचे डोळे फाटकाकडे लागलेले दिसत नाहीत, त्याला मी काय सांगणार? बाकी सर्व ठीक. जनावरांना गोंजारणं, विहीणबाईंना सलाम.

आपला (रीत म्हणून लिहितो),
जोल्दोश

ता. क. पत्र टपालपेटीत टाकायला निघालो तर पेटीवर नवा कागद चिकटवलेला, गुरुवारीच उघडणार म्हणून. चार दिवस! राग चार दिवस ताजा राहत नाही. म्हणून पुढच्या गावच्या टपालात टाकतो. बरोन गाडीत बसलाय, उतरायचं नाव घेत नाही. आणि त्याला घेऊन जाण्याबद्दल वर जे लिहिलंय ते सध्या राहू द्या. चाळिसाव्याच्या संध्याकाळपासून तो टोपलीशेजारी आडवा पडतो, पोर कुरकुरलं की तो बातमाच्या आधी उठतो, आणि उठणं हे त्याला किती जिवावर येतं ते मला माहीत आहे. गळ्यातलं झबलं कुणाला काढू देत नाही.

ता. क. दुसरा. वाटेत कोचकोर गावी चहासाठी थांबलोय. इथलंही टपाल बंद. (हे खरं नाही. उघडं होतं, मी आत गेलो नाही.) काल आयजामालनं मला चहा दिला, दोन्ही हातांनी, आणि म्हणाली, "बाबा, माझ्या वडिलांवर रागावू नका. शुमकार गेला तेव्हापासून ते कुणाच्याच घरी जात नाहीत." मी विचारलं, शुमकार कोण? ती म्हणाली, तोच. ज्याला तुम्ही ते म्हणालात. दोन हिवाळे झाले. दोन हिवाळे, व्याहीबुवा, आणि मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी आलो असतो का, हे घाटाच्या पायथ्याशी बसून स्वतःला विचारतोय.

ता. क. तिसरा. दोलोन घाटाच्या माथ्यावर बर्फ आहे, चाकांना साखळ्या घातल्या, हात गारठलेत, म्हणून अक्षर असं. तो बोकड नव्हता. लग्नाच्या दिवशी मी पहाटे उठून गाडी धुतली होती, मेण लावलं होतं, आरशाला फिती बांधल्या होत्या. मग तुम्ही आलात, घोड्यावर, शेजारी तो. आणि साऱ्या वऱ्हाडानं माझ्या गाडीकडे पाठ केली. माझे सख्खे भाऊसुद्धा. असं देखणं जनावर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तोंडून जे निघालं ते जळफळाटानं निघालं. एवढं लिहायला मला सहा वर्षं, एक घाट आणि एक पळायला न येणारं कुत्रं लागलं. पटलं तर ठेवा, नाही तर फाडा.

ता. क. शेवटचा. पत्र टपालात टाकलेलं नाही. मी तुमच्या फाटकाबाहेर गाडीत बसलोय, ते विहीणबाईंच्या हाती आत पाठवतोय. माणूस गेला की आपण उशिरा का होईना, समाचाराला जातो. मी शुमकारच्या समाचाराला आलोय. आत बोलवायचं नसेल तर पाळणा बाहेर आणून द्या, टपावर बसेल, दोरी आणली आहे. पण आधीच सांगतो, चहा झाल्याशिवाय मी एकही गाठ मारणार नाही, आणि परत जाताना पुढच्या सीटवर तुम्ही बसायचं. बरोनला मी मागं बसवतो. त्याला राग येईल. येऊ दे, आम्ही दोघंही राग गिळायला शिकतोय.